लोड बॅलन्सरचं टीएलएस सर्टिफिकेट: क्लाउडच्या हवाली करावं की स्वतः सांभाळावं?

सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांचं मंडळ) एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ठरावानुसार, साइटची ओळख पटवणाऱ्या आणि एन्क्रिप्शन शक्य करणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली येते आहे. आधी ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून काढलेल्या सर्टिफिकेटला २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. शेवटच्या टप्प्यात एक नाव वर्षाला किमान आठ वेळा रिन्यू करावं लागेल. तीस सबडोमेन असतील तर वर्षाला किमान २४० वेळा. शिवाय डोमेन तुमचंच आहे हा पुरावा एकदा दिला की तो आजवर बरेच महिने चालायचा, तोही २०२९ मध्ये फक्त १० दिवस चालेल. एक्सेल शीटमध्ये तारखा लिहून कॅलेंडरवर आठवण लावण्याची पद्धत यात टिकणार नाही.

ऑटोमेशन करायचं हे ठरलंच आहे असं धरून, कोणत्या मार्गाने करायचं याचा हा आढावा. मार्ग चार: एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट मॅनेजर (पुढे एसीएम), गूगल क्लाउडची मॅनेज्ड सर्टिफिकेटं, अ‍ॅझ्युरमध्ये की व्हॉल्ट (सर्टिफिकेटं आणि गुप्त किल्ल्यांची तिजोरी) आणि अ‍ॅप्लिकेशन गेटवेची जोडी, आणि कुठल्याही क्लाउडवर स्वतःचा, सर्टिफिकेट आपोआप मागवणारा अ‍ॅक्मे क्लायंट. किंमत किंवा फीचरची यादी बघून निवड करू नका. आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: टीएलएस नेमकं कुठे उघडतं (म्हणजे एन्क्रिप्शन कुठे संपतं: येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर, की आतल्या सर्व्हरवर), आणि डीएनएस कोणाच्या हातात आहे?

टीएलएस कुठे उघडतं

एडब्ल्यूएसच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरवर किंवा नेटवर्क लोड बॅलन्सरच्या टीएलएस लिसनरवर (विनंत्या स्वीकारणाऱ्या दारावर) एन्क्रिप्शन संपत असेल तर प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) तुमच्या हातात असण्याची गरजच नाही. एसीएम ती स्वतःकडे ठेवतं आणि लोड बॅलन्सरला परस्पर देतं. सर्टिफिकेट मोफत असतं. चोरीला जाईल अशी की आपल्या सर्व्हरवर नसणं हा या मार्गाचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि मोफत असण्याच्या बोलबाल्यात तो बरेचदा झाकला जातो.

पण लोड बॅलन्सर नुसता टीसीपी पुढे ढकलत असेल आणि टीएलएस आतल्या एन्जिनएक्सवर किंवा कुबरनेटीसच्या इन्ग्रेसवर उघडत असेल, तर की तिथे लागणार. एसीएमने जून २०२५ पासून एक्सपोर्ट करता येणारी सर्टिफिकेटं सुरू केली आहेत, पण त्यांचे पैसे पडतात आणि प्रत्येक रिन्यूअलनंतर फाइल सर्व्हरपर्यंत नेण्याचं काम तुमच्याकडेच उरतं. त्यापेक्षा कुबरनेटीसमध्ये सर्ट-मॅनेजर बरा. तो मुदतीचा दोन तृतीयांश काळ उलटला की आपण होऊन रिन्यू करतो आणि नवं सर्टिफिकेट सिक्रेटमध्ये (कुबरनेटीसच्या गुप्त माहितीच्या साठ्यात) ठेवतो.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. सर्ट-मॅनेजरने सिक्रेटमध्ये ठेवलेलं सर्टिफिकेट एडब्ल्यूएसचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर वाचत नाही. त्याला एडब्ल्यूएसमध्येच, बहुधा एसीएममध्ये, ठेवलेल्या सर्टिफिकेटचा एआरएन (एडब्ल्यूएसमधला ओळखक्रमांक) लागतो. क्लस्टरमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि ब्राउझरमध्ये जुनंच सर्टिफिकेट येत राहतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अ‍ॅझ्युरचा साधा लोड बॅलन्सर चौथ्या थरावर (टीसीपीच्या पातळीवर) काम करतो, त्याच्यावर सर्टिफिकेट बसतच नाही. तिथे अ‍ॅप्लिकेशन गेटवे किंवा फ्रंट डोअर लागतं.

मालकीचा पुरावा: बरेच बिघाड इथेच

एसीएम ई-मेलने पुरावा घ्यायला तयार असतं, पण तो मार्ग धरू नका. दर रिन्यूअलला कोणीतरी अ‍ॅडमिन किंवा वेबमास्टरच्या पत्त्यावर आलेली लिंक दाबायची, ही ऑटोमेशनची उलटी दिशा आहे. आज ई-मेलवर असाल तर डीएनएस पुराव्याचं नवं सर्टिफिकेट मागवा, लिसनरवर बदला आणि जुनं काढून टाका.

डीएनएस पुराव्यात एसीएम एक सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी डीएनएसची नोंद) देतं. तो एकदा टाकायचा आणि कायम ठेवायचा. एका अकाउंटमध्ये एका डोमेनसाठी तो सगळ्या रीजनमध्ये सारखाच असतो, मूळ डोमेन आणि त्याचं वाइल्डकार्ड या दोघांनाही तोच चालतो. ७२ तासांत रेकॉर्ड दिसला नाही तर विनंती बाद होते. न दिसण्याचं नेहमीचं कारण अगदी छोटं असतं: बऱ्याच डोमेन विक्रेत्यांचं पॅनेल नावाच्या शेवटी डोमेन आपोआप जोडतं. एसीएमने दिलेलं पूर्ण नाव तसंच चिकटवलं की शेवटी तुमचं डोमेन दोनदा लागतं. त्या पॅनेलमध्ये शेवटचं डोमेन गाळून अंडरस्कोरने सुरू होणारा उरलेला भागच भरायचा.

दुसरा बिघाड उशिरा उगवतो. डीएनएसची साफसफाई करताना कोणीतरी हा विचित्र दिसणारा रेकॉर्ड निरुपयोगी समजून उडवतं. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. रिन्यूअलची वेळ येते तेव्हा पुरावा सापडत नाही. डीएनएसचा झोन टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची रचना कोडमध्ये लिहिण्याचं साधन) असेल तर हे रेकॉर्डही तिथेच लिहा आणि शेजारी कशासाठी आहेत ती टिप्पणी ठेवा.

गूगलकडे दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक स्थलांतराच्या रात्री कळतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे लोड बॅलन्सरवरून पुरावा, डोमेनचा ए रेकॉर्ड आधीच गूगलच्या आयपीकडे वळलेला असावा लागतो आणि ४४३ पोर्टचा फॉरवर्डिंग रूल चालू असावा लागतो. म्हणजे चालती साइट दुसरीकडून आणताना आधी डीएनएस वळवायचा, मग सर्टिफिकेटची वाट पाहायची. गूगल यासाठी ६० मिनिटांपर्यंत वेळ सांगतं, आणि तेवढा वेळ ग्राहकांना ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची चूक दिसते. एएएए रेकॉर्ड जुन्या सर्व्हरकडेच राहिला असेल तर स्टेटस ‘फेल्ड नॉट व्हिजिबल’वर अडकतं. ए रेकॉर्ड दहा वेळा तपासला जातो, आयपीव्ही६ कडे कोणाचं लक्ष जात नाही. वाइल्डकार्डही या पद्धतीत मिळत नाही.

गूगलच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये डीएनएस ऑथरायझेशन वापरलं की या तिन्ही अडचणी जातात. सर्टिफिकेट आधी तयार होतं, साइट नंतर वळते, वाइल्डकार्डही चालतं. नवीन काम सुरू करत असाल तर आमच्या मते जुन्या पद्धतीकडे वळायचं कारणच नाही. फक्त एक काळजी: त्याचा नेहमीचा रेकॉर्ड ‘अंडरस्कोर अ‍ॅक्मे-चॅलेंज’ या नावावर सीनेम म्हणून बसतो, आणि एका नावावर एकच सीनेम राहू शकतो. तेच डोमेन दुसऱ्या अ‍ॅक्मे क्लायंटकडूनही चालवत असाल तर दोघे एकमेकांचा पुरावा मोडतील. अशा वेळी प्रोजेक्टनिहाय रेकॉर्डचा पर्याय निवडा, त्याचं नाव वेगळं असतं. एसीएमच्या रेकॉर्डचं नावही निराळंच असल्याने त्याच्याशी भांडण होत नाही.

सीएए रेकॉर्ड (कोणत्या ऑथॉरिटीने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, तुमचं सर्टिफिकेट काढावं हे सांगणारा) असेल तर तोही बघा. त्यात फक्त लेट्स एन्क्रिप्ट या मोफत ऑथॉरिटीला परवानगी असेल तर एसीएम अपयशी ठरेल. एसीएमसाठी अ‍ॅमेझॉन डॉट कॉम आणि गूगलसाठी पीकेआय डॉट गूग हे नाव घाला.

रिन्यू झालं, पण लिसनरवर पोचलं का?

नवं सर्टिफिकेट निघणं आणि ते ग्राहकाला दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. एसीएम आणि गूगल दोन्ही स्वतः करतात. अ‍ॅझ्युरमध्ये आणि स्वतःच्या क्लायंटमध्ये मधला सांधा तुम्ही जोडायचा असतो.

अ‍ॅझ्युरचा सांधा असा: अ‍ॅप्लिकेशन गेटवे दर चार तासांनी की व्हॉल्टमध्ये नवी आवृत्ती आली का ते बघतो. पण त्याला दिलेल्या सिक्रेटच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक असेल तर तो कायम त्याच आवृत्तीला चिकटून राहतो. पत्ता सिक्रेटच्या नावाशीच संपला पाहिजे, पुढे अक्षरं-अंकांची लांब साखळी नको. टेराफॉर्ममध्ये दोन्ही मिळतात, ‘सिक्रेट आयडी’ आणि ‘व्हर्जनलेस सिक्रेट आयडी’. दुसरा वापरायचा. पहिला वापरला तरी पहिल्या दिवशी सगळं चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. की व्हॉल्ट रिन्यू करतो, गेटवे जुनंच दाखवत राहतो आणि मुदत संपते.

गेटवेच्या मॅनेज्ड आयडेंटिटीला सिक्रेट वाचण्याची परवानगी लागते. कोणी नंतर व्हॉल्टचं फायरवॉल घट्ट केलं आणि गेटवेची वाट बंद झाली, तर पुढच्या तपासणीत गेटवे तो लिसनरच बंद करू शकतो. सर्टिफिकेटची मुदत शिल्लक असतानाही साइट बंद. व्हॉल्टच्या नेटवर्कमध्ये बदल करणाऱ्या टीमला हे आधी माहीत असलं पाहिजे.

की व्हॉल्ट आपोआप नवं सर्टिफिकेट काढतो तो डिजिसर्ट किंवा ग्लोबलसाइनशी करार असेल तर, आणि त्याचे पैसे लागतात. मोफत हवं असेल तर अ‍ॅक्मे क्लायंटने लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट काढून व्हॉल्टमध्ये त्याच नावाची नवी आवृत्ती म्हणून टाकायचं, पुढचं गेटवे बघतो. ही जोडणी चांगली चालते.

एडब्ल्यूएसवर बाहेरचं सर्टिफिकेट एसीएममध्ये इम्पोर्ट केलं असेल तर एसीएम ते कधीच रिन्यू करत नाही. नवं आलं की जुन्याच एआरएनवर इम्पोर्ट करा, म्हणजे लिसनरला हात लावावा लागत नाही. एआरएन न देता इम्पोर्ट केलं तर वेगळी नोंद तयार होते आणि लिसनर जुन्यावरच राहतो. आणि सर्टबॉट या क्लायंटच्या चार फाइलींपैकी बॉडी म्हणून ‘सर्ट’, साखळी म्हणून ‘चेन’ आणि की म्हणून ‘प्रिव्हकी’ द्या. ‘फुलचेन’ बॉडीच्या जागी दिली तर त्यात एकापेक्षा जास्त सर्टिफिकेटं असल्याने एसीएम नाकारतं.

एसीएमचं स्वतःचं सर्टिफिकेटही एका परिस्थितीत रिन्यू होत नाही: ते कशालाच जोडलेलं नसेल तेव्हा. मुख्य साइट मुंबई रीजनमध्ये आणि आपत्तीसाठी हैदराबादची तयारी, अशी रचना अनेक ठिकाणी आहे. हैदराबादमध्ये सर्टिफिकेट काढून नुसतं ठेवलं, लोड बॅलन्सर लागेल तेव्हा बनवू म्हटलं, तर लागेल तेव्हा त्याची मुदत संपलेली असेल. तिथे एक लिसनर कायम उभा ठेवा. रीजनचीही मर्यादा लक्षात असू द्या: मुंबईच्या लोड बॅलन्सरला मुंबईतलंच सर्टिफिकेट लागतं आणि क्लाउडफ्रंटला उत्तर व्हर्जिनियातलंच.

मोबाइल अ‍ॅपमध्ये सर्टिफिकेट किंवा मधली ऑथॉरिटी पिन केली असेल (म्हणजे ती सोडून दुसरं काही स्वीकारलं जात नसेल) तर कोणताच मॅनेज्ड मार्ग सुरक्षित नाही. एसीएम रिन्यूअलला नवी की वापरतं आणि २०२२ पासून मधल्या ऑथॉरिटीही बदलत्या ठेवतं. आधी पिनिंग काढा, मग ऑटोमेशन.

स्वतःचा क्लायंट चालवताना

लेट्स एन्क्रिप्टवर त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं मिळतात. क्लायंट कंटेनरमध्ये चालत असेल आणि त्याचा डेटा टिकाऊ डिस्कवर नसेल, तर प्रत्येक रीस्टार्टला तो नवं मागतो आणि सहाव्या वेळी दार बंद. चाचण्या स्टेजिंग सर्व्हरवरच करा.

एचटीटीपी पुराव्याची विनंती ८० पोर्टवर येते आणि लोड बॅलन्सर ती कुठल्याही टार्गेटकडे पाठवू शकतो. ‘वेल-नोन’च्या पाथसाठी वेगळा रूल लावून ती एकाच ठिकाणी न्या. साइट फक्त भारतातूनच उघडेल असा जिओ-ब्लॉक लावला असेल तर हा पुरावा जवळपास हमखास फसतो, कारण तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते. अशा साइटने डीएनएस पुरावाच घ्यावा. तिथे क्लायंटला पूर्ण झोनचा अधिकार देऊ नका, एडब्ल्यूएसच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत फक्त त्या एका टीएक्सटी नावापुरती परवानगी बांधता येते.

दर ६० दिवसांनी रिन्यू असं क्रॉनमध्ये कोरून ठेवलं असेल तर ते आजच काढा. लेट्स एन्क्रिप्टच्या जाहीर वेळापत्रकात ९० दिवसांची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये ६४ आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये ४५ दिवसांवर येते. क्लायंट रोज दोनदा चालवा आणि कधी रिन्यू करायचं ते त्यालाच ठरवू द्या. एआरआय (रिन्यूअलची वेळ कळवण्याची सोय) समजणारी आवृत्ती असेल तर ऑथॉरिटीच वेळ सुचवते, आणि तसं केलेलं रिन्यूअल मर्यादेत मोजलंही जात नाही.

कोणी काय घ्यावं

सगळं एडब्ल्यूएसवर असेल आणि टीएलएस लोड बॅलन्सरवर उघडत असेल तर एसीएम आणि डीएनएस पुरावा, दुसरा विचार नको. गूगलवर सर्टिफिकेट मॅनेजर आणि डीएनएस ऑथरायझेशन. सर्टिफिकेटं पंधराच्या पुढे जाणार असतील तर सुरुवातीपासून सर्टिफिकेट मॅप (नावानुसार सर्टिफिकेट निवडणारी यादी), कारण जुन्या पद्धतीत एका प्रॉक्सीला १५ सर्टिफिकेटंच लागतात. अ‍ॅझ्युरवर ऑथॉरिटीशी करार आधीच असेल तर की व्हॉल्टची जोडणी पुरते, नसेल तर अ‍ॅक्मे. कुबरनेटीसच्या आत टीएलएस उघडत असेल तर सर्ट-मॅनेजर. दोन क्लाउड असतील तर प्रत्येक क्लाउडने स्वतःचं सर्टिफिकेट काढणं हे एकच सर्टिफिकेट सगळीकडे वाटण्यापेक्षा बरं. की फिरत नाही, आणि एकीकडचा बिघाड दुसरीकडे जात नाही.

ज्यांचं डीएनएस दुसऱ्या विभागाकडे आहे आणि एका रेकॉर्डला आठवडा लागतो, त्यांनी ‘अ‍ॅक्मे-चॅलेंज’चं नाव सीनेमने स्वतःच्या छोट्या झोनकडे वळवून घ्यावं. विनंती एकदाच करावी लागते.

बाहेरून पहारा

मार्ग कोणताही असो, तपासणी कन्सोलमधून नको, ग्राहकाच्या बाजूने हवी. ओपनएसएसएलच्या ‘एस क्लायंट’ला सर्व्हरनेम देऊन मिळालेल्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख रोज वाचा. सर्व्हरनेम विसरलात तर लिसनरचं डीफॉल्ट सर्टिफिकेट मिळतं आणि भलतंच नाव ठीक असल्याचं कळतं. डोमेनमागच्या प्रत्येक आयपीला वेगळं विचारा. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ई-मेल ४ जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे ही तपासणी आता तुमचीच.

इशाऱ्याचा आकडा मुदतीवरून काढा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट ३० दिवस उरले की रिन्यू होतं, म्हणून इशारा २० वर. ४७ दिवसांचं साधारण १६ उरले की होईल, इशारा १० वर. जुना ३० दिवसांचा इशारा तसाच ठेवला तर ४७ दिवसांच्या सर्टिफिकेटवर तो दर फेरीत दोन आठवडे वाजत राहील, आणि टीम तो बंद करून टाकेल.