पन्नास टक्के सवलतीच्या वह्या आणि स्टिकरखालची किंमत

मे संपत आला की वर्तमानपत्राच्या घडीतून एक पिवळं पत्रक खाली पडतं. 'शालेय साहित्य महासेल. कंपनीचा स्टॉक क्लिअरन्स. फक्त तीन दिवस. वह्या, दप्तरं, डबे, बाटल्या ५० टक्के सवलतीत.' खाली एखाद्या मंगल कार्यालयाचा पत्ता असतो. विकणाऱ्याचं नाव, गाव, फोन काहीच नसतं. असं पत्रक तुमच्याकडे आलं असेल तर जायच्या आधी पुढचं वाचा. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांनी यंदा पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या अशाच एका सेलमधून वह्या आणल्या, आणि त्या वह्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना कळायला हवं.

एरवी आमची खरेदी अप्पा बळवंत चौकात होते. शाळेची यादी घ्यायची, गर्दीत उभं राहायचं, दुकानदार यादीवर नजर टाकून सगळं काउंटरवर मांडतो. पण जूनमध्ये तिथे गाडी लावायला जागा नसते आणि पाऊस ऐन वेळी गाठतो. मंगल कार्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आत पंखे, भरपूर जागा, माइकवर एक मुलगा सतत सांगतोय, "ताई, आज शेवटचा दिवस, उद्या हा भाव नाही." हे तो तिन्ही दिवस सांगत होता, असं नंतर शेजारणींशी बोलताना कळलं.

वह्या डझनाच्या बंडलात होत्या. बंडल खाकी कागदात गुंडाळलेलं, फक्त वरची आणि खालची वही उघडी दिसेल असं. वरच्या वहीवर २०० पृष्ठे, छापील किंमत ११० रुपये. अर्ध्या किमतीत ५५ ला एक, म्हणजे डझन ६६० ला. वही चाळून पाहिली. कागद पांढरा, गुळगुळीत, रेघा स्वच्छ. बंडल सोडायचं नाही, असा तिथला नियम. "सुटं केलं की डझनाचा भाव लागत नाही मॅडम." दोन मुलं आणि जाऊबाईंची एक, असं धरून चार डझन घेतले. २,६४० रुपये.

बिल मागितलं तर काउंटरवरचा म्हणाला, "पक्कं बिल हवं असेल तर वर १२ टक्के जीएसटी लागेल." मागे रांग, कडेवर कुणाचं तरी रडणारं पोर, सगळेच "राहू दे" म्हणत पुढे सरकत होते. हातात आली ती एक चिठ्ठी. वर 'एस्टिमेट', खाली रक्कम, आणि रबरी शिक्का: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पैसे क्यूआर कोडवर दिले. मोबाइलवर दुकानाचं नाव आलं नाही, कुण्या माणसाचं आलं.

त्या १२ टक्क्यांचं आधी सांगते, कारण ही थाप अजूनही सर्रास चालते आहे. वह्यांवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, आलेखवह्या, प्रयोगवह्या, पेन्सिली, खडू, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपासपेटीवर तेवढा ५ टक्के राहिला. म्हणजे वहीच्या बिलावर कर चढायचा प्रश्नच नव्हता. शिवाय छापील कमाल किंमत सगळे कर धरूनच असते, तिच्यावर वेगळा जीएसटी कुणालाच लावता येत नाही. बिल द्यायचंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

शाळा सुरू झाली, खाकी कव्हरं घालून झाली, नावाची लेबलं लागली. थोड्याच दिवसांत मुलाच्या मराठीच्या वहीत बाईंचा लाल शेरा आला: 'दोन्ही बाजूंना लिहिता येईल अशी वही आणावी.' त्यांच्या शाळेत पाचवीपासून शाईपेन सक्तीचं आहे. वही उघडून पाहिली तर एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला अशी उतरली होती की 'पाऊस' या निबंधाच्या मागे उलटा 'पाऊस' वाचता येत होता. मला वाटलं पेन गळतंय. नवं पेन आणलं. तेही तसंच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. उभी हयात त्यांनी बाइंडिंगमध्ये काढली. त्यांच्याकडे वही नेली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही, नुसती तळहातावर तोलली आणि म्हणाले, "अगं, ही दोनशे पानी नाही. कोण म्हणालं तुला?" वर दोनशे छापलंय, मी म्हटलं. "छापलंय ना? मग मोजू."

मग त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. नोटा मोजतात तसा अंगठा फिरवत त्यांनी चार-चार पृष्ठं पाडत मोजली. मधोमध पिना मारलेल्या वहीत एक कागद दुमडला की चार पृष्ठं होतात, त्यामुळे आकडा नेहमी चारच्या पटीत येतो, हे सांगत सांगत. १५६ पृष्ठं भरली. मला म्हणाले, तू मोज. माझीही १५६. मग पिना उचकटून पुठ्ठा बाजूला काढला आणि आतला कागद काकूंच्या वजनकाट्यावर ठेवला. १५८ ग्रॅम. वहीची लांबी-रुंदी पट्टीने मोजली, २४ बाय १८ सेंटीमीटर. पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला: ७८ पानांचं (एका पानाची दोन पृष्ठं) क्षेत्रफळ ३.३७ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला ४७ ग्रॅम. "यालाच जीएसएम म्हणतात. शाळेच्या वहीला पंचावन्न-साठ जीएसएमचा कागद लागतो. यावर शाईपेन चालवलंस तर उतरणारच. पेनाला कशाला बोल लावतेस?"

मी घरी येऊन बंडलातली वरची वही आणली. त्याच डोंगराच्या चित्राची, त्याच रंगाची. ती मोजली तर १९६, पुठ्ठ्याची चार धरून बरोबर २००. कागदही जाड. मग चारही बंडलं जमिनीवर पसरली. प्रत्येक बंडलात वरची एक आणि खालची एक वही चांगली, मधल्या दहा पातळ. भाजीवाला टोपलीत वर लालबुंद टोमॅटो रचतो, तसंच.

मधल्या वह्यांचे पृष्ठसंख्या आणि किंमत सांगणारे दोन चौकोन जरा जास्तच चकचकीत होते. नखाने खरवडलं तर कड उचलली गेली. लेकीने हेअर ड्रायर आणला, गरम हवा दिल्यावर स्टिकर अलगद निघालं. खाली मूळ छपाई शाबूत होती: एकूण पृष्ठे १६० (मुखपृष्ठासह), कमाल किरकोळ किंमत ४८ रुपये, सर्व करांसह.

म्हणजे वही बनवणाऱ्याने काही लपवलेलं नव्हतं. त्याने १६० सांगितली आणि १६० दिली, ४८ सांगितले. मधल्या माणसाने त्यावर २०० आणि ११० चिकटवले, ११० चे निम्मे केले आणि ४८ ची वही आम्हाला ५५ ला 'अर्ध्या किमतीत' विकली. सवलत तर सोडाच, छापील किमतीच्या वर सात रुपये!

सोसायटीतल्या काही जणांचं म्हणणं पडलं, सात रुपयांसाठी कोण डोकं लावणार? हिशोब सात रुपयांचा नाहीच. ज्या वहीत एकाच बाजूला लिहिता येतं ती वही निम्मीच. आमच्या ४८ वह्यांतल्या ४० तशा. त्याच पैशांत चौकातून डझनाने चांगल्या कागदाच्या वह्या आल्या असत्या. आणि फसलेलं घर आमचं एकटंच नाही, हॉलभर रचलेली बंडलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

दप्तराची गोष्ट थोडक्यात सांगते. १,४९९ खोडून ५९९. 'वॉटरप्रूफ'. पहिल्या मोठ्या पावसात आतल्या अस्तरावरचा थर पापुद्र्यांसारखा सुटून पुस्तकांना चिकटला. 'तीन वर्षांची वॉरंटी' असं कार्ड होतं, त्यावर पत्ता नव्हता. त्या हॉलमध्ये स्टिकर नसलेली एकच गोष्ट होती, बालभारतीची पुस्तकं. ती छापील किमतीलाच, दर्शनी टेबलावर मांडलेली. ती ओळखीची पुस्तकं बघून आत शिरणाऱ्याला वाटावं, सगळं रीतसर चाललंय.

आता कायद्याचं. वैधमापन शास्त्र, म्हणजे वजन-मापं आणि छापील किमती तपासणारं सरकारी खातं, त्याचे आवेष्टित म्हणजे पॅकबंद वस्तूंसाठीचे २०११ चे नियम आहेत. त्यांत स्पष्ट आहे की छापील किंमत वाढवायला स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तरच लावता येतं, आणि तेव्हाही मूळ छापील किंमत झाकायची नाही. म्हणजे जुना आकडा दिसत नसेल, वर नुसतं स्टिकरच असेल, तर तिथेच पाणी मुरतंय असं समजा. कमाल किमतीच्या वर विकणं हा वेगळा गुन्हा. आणि बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलात मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत करता येतो. तो रबरी शिक्का कितीही ठळक असला तरी सदोष मालाच्या बाबतीत त्याला काडीची किंमत नाही.

एवढं सगळं बाजूने असूनही आमचं घोडं अडलं कुठे, तर तक्रार कुणाविरुद्ध करायची इथे. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक म्हणाला, आम्ही हॉल भाड्याने दिला, लग्नाला देतो तसा. बऱ्याच विनवण्यांनंतर त्याने नोंदणीच्या वेळचा नंबर दिला, तो बंद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ऑनलाइनही करता येतो. पण समोरच्याचं नाव-पत्ता तर हवा. आमच्याकडे होती एक एस्टिमेटची चिठ्ठी आणि यूपीआयवर आलेलं एक नाव. कुणी सुचवलं १९३० ला फोन करा. तो नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे. इथे पैसे आपणहून, माल समोर बघून दिले होते. आपलं काम १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात. तिथे तक्रार नोंदवली, आणि वैधमापन शास्त्राच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. सोबत स्टिकर न काढलेल्या दोन वह्या, अर्धं स्टिकर काढलेली एक, आणि पैसे दिल्याच्या नोंदीची प्रिंट. तिथल्या निरीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला: "बंडलं सोडलीत का सगळी?" न सोडलेलं बंडल हा सगळ्यात पक्का पुरावा. नशिबाने वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने वह्या पुढच्या सहामाहीसाठी माळ्यावर टाकल्या होत्या, त्यातलं एक बंडल जसंच्या तसं मिळालं.

हे चालू असताना बारामतीहून नणंदेने फोटो पाठवला. तेच पिवळं पत्रक, तोच मजकूर, फक्त मंगल कार्यालय वेगळं. मी तिला सगळं सांगितलं. ती गेली, बंडलातली मधली वही दाखवा म्हणाली, ते ऐकेनात तेव्हा खाकी कागद बाजूने फाडला आणि स्टिकरला नख लावलं. काउंटरवरचा मुलगा हसतच म्हणाला, "ताई, ती लॉटमधली आहे, तुम्ही या घ्या," आणि टेबलाखालून वेगळ्या वह्या काढायला लागला. म्हणजे चांगला माल जवळच होता, मागणाऱ्यापुरता. तिने क्यूआर कोडचा फोटो काढला. नाव तेच, आम्हाला आलेलं. तो फोटो, पत्रक आणि हॉलचा पत्ता त्याच दिवशी इथल्या अर्जाला जोडला आणि तिने बारामतीतून वेगळी तक्रार केली. दोन ठिकाणांहून एकाच नावावर तक्रार गेल्यावर कार्यालयातून स्वतःहून फोन आला, जबाब नोंदवून घेतला. पैसे अजून मिळालेले नाहीत, चौकशी चालू आहे.

तुमच्याकडे यंदा अशाच सेलमधून आणलेली, डोंगराच्या चित्राची, खाकी बंडलातली वही असेल तर स्टिकर पूर्ण काढू नका, एक कड उचलून फोटो काढा. न सोडलेलं बंडल असेल तर तसंच ठेवा. पैसे दिल्याची मोबाइलवरची नोंद काढून ठेवा, त्यावरचं नाव झाकू नका. पत्रक रद्दीत गेलं नसेल तर तेही जपा. आणि १९१५ ला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. वह्या आणल्या असतील साताऱ्याला, सांगलीला किंवा आणखी कुठे, तरी चालेल, तक्रार आपल्याच गावातून होते.