माथेरानची मिनी ट्रेन : आठवड्याच्या मधल्या वारी अनुभवावी अशी सेवा

नेरळहून माथेरानला जाणारी मिनी ट्रेन सुमारे 20 किलोमीटरच्या चढासाठी अडीच तासांच्या आसपास वेळ घेते. नेरळ स्थानकाबाहेरची शेअर टॅक्सी त्याहून कितीतरी लवकर दस्तुरी नाक्यावर, म्हणजे माथेरानच्या अलीकडे मोटारी थांबतात तिथे, पोहोचवते. म्हणून या सेवेचा विचार करताना तिकिटाच्या दराइतकाच प्रवाशाच्या वेळेचाही हिशेब करावा लागतो.

माझ्या मते तो वेळ पुरेपूर सार्थकी लागतो. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट आहे आणि वळणे इतकी तीव्र, की मागच्या डब्याच्या खिडकीतून पुढचे इंजिन आडवे जाताना दिसते. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्थानके मागे पडेपर्यंत खालची शेते लहान होत जातात, हवा बदलते आणि झाडी दाट होते. डोंगर चढल्याची ही जाणीव टॅक्सीत बसून होत नाही. लहान मुलांना आणि घाटात गाडी लागणाऱ्यांना हा संथ प्रवास विशेष मानवतो.

अडचण आहे ती जागांची. अशा वळणांवर लांबलचक गाडी चालवता येत नाही, त्यामुळे डबे मोजकेच असतात आणि नेरळहून दिवसाकाठी फेऱ्याही थोड्याच होतात. या थोड्या जागांवर शनिवार-रविवारीच गर्दी का लोटते, हे कळायला थोडे मागे जावे लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली. मुंबईतील उद्योजक पीरभॉय घराण्याच्या पैशातून उभा राहिलेला हा लोहमार्ग 1907 साली सुरू झाला. तेव्हा कामगाराच्या हाती रविवार होता, परंतु थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहण्याइतका पैसा नव्हता. इथले बंगले इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि मुंबईतील धनिकांचे होते. आज मुंबई, ठाणे आणि पुण्यातील मोठ्या नोकरदार वर्गाकडे तेवढा पैसा आला आहे, सुट्टी मात्र बहुतेकांना एकाच वेळी, शनिवारी आणि रविवारी मिळते. मिळकत वाढली तशी माणसे वाढली, डोंगराची वळणे मात्र तशीच राहिली. ज्यांना शक्य असेल त्यांनी मंगळवार-बुधवारी जावे, हा सल्ला मी त्यामुळेच आग्रहाने देतो, आणि रजा सहज न मिळणाऱ्यांना तो पाळता येत नाही याची मला खंत वाटते.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचे स्थानक) हा टप्पा बंद असतो. 2019 च्या अतिवृष्टीत मार्गाची इतकी हानी झाली, की नेरळहून गाडी पुन्हा सुटायला ऑक्टोबर 2022 उजाडला.

अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवा मला सर्वांत मोलाची वाटते. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटारींना मनाई असल्याने ज्येष्ठांना आणि सामान असणाऱ्यांना पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून जावे लागे. अशा हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला, तो योग्यच झाला. कोणाच्याही सहलीसाठी दुसऱ्या माणसाने चढावर गाडा ओढू नये. शटल हे अंतर थोड्या वेळात आणि परवडणाऱ्या दरात पार करते, शिवाय गावाला लागणारा मालही वाहते.

प्रथमच जाणाऱ्यांनी वर जाताना नेरळहून गाडी धरावी आणि उतरताना शटलने अमन लॉज गाठून पुढे टॅक्सी करावी. नेरळच्या तिकीट खिडकीवर मात्र गाडीच्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे.