ईव्हीसी अख्ख्या क्लस्टरची वाढवायची की एकेका व्हीएमची?

एक जुना ब्रॉडवेल सर्व्हर (इंटेलच्या जुन्या पिढीच्या सीपीयूचा), दोन नवे कॅस्केड लेक (त्यानंतरच्या पिढीचे), आता ईव्हीसीचं काय करायचं असं जळगाव-धुळ्याकडच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. ईव्हीसी ही व्हीएमवेअरची सेटिंग, तिच्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांचे सर्व्हर व्हीएमला (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) एकाच लेव्हलचे दिसतात आणि चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येते. ती अख्ख्या क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटाला, लावता येते किंवा एकेका व्हीएमला. जळगाव एमआयडीसीत आमच्या दालमिलमध्ये मी दोन्ही करून पाहिलंय.

क्लस्टरची लेव्हल वाढवणं सोपं, व्हीएम चालू असतानाच होतं. फक्त चालू व्हीएमला नव्या सीपीयूचं काही मिळत नाही जोवर ती पूर्ण पॉवर ऑफ होऊन परत चालू होत नाही, आतून विंडोज रीस्टार्ट केलं तर ते धरत नाही. आमच्याकडे एका रात्री लाइट गेली, यूपीएसने सगळं नीट शटडाऊन केलं, आणि सकाळी चालू केलं तर सगळ्या व्हीएम एकदमच नव्या लेव्हलवर. तोवर मी खूश होतो.

मग मे महिना. बाहेर ४५ डिग्री, सर्व्हर रूमचा एसी बसला आणि एका नव्या सर्व्हरचा बोर्ड गेला. जुना ब्रॉडवेल मी बाजूला ठेवलेला होता, कारण लेव्हल वर न्यायची तर त्याला क्लस्टरमधून काढावाच लागतो. म्हटलं परत जोडू, तर क्लस्टर घेईचना. लेव्हल खाली आणायची तर वरच्या लेव्हलवर चालणाऱ्या सगळ्या व्हीएम आधी बंद करा, आणि इकडे एकाच सर्व्हरवर सगळा भार. शेवटी भरदुपारी वजनकाट्याची व्हीएम बंद करून जुन्या सर्व्हरवर वेगळी चालू केली, तेवढ्या वेळात गेटवर तुरीचे ट्रक उभे, ड्रायव्हर उन्हात, आणि काट्यावरचे आबा सारखे विचारताय, "काय व्हयनं भाऊ?" चालू व्हीएम सरकवता आली असती तर हे झालंच नसतं, ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी क्लस्टरची ईव्हीसी बंद केली आणि एकेका व्हीएमला ब्रॉडवेल लेव्हल लावली. जुना सर्व्हर परत क्लस्टरमध्ये आला, एचएलाही (एक सर्व्हर पडला तर व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू करणारी सोय) तिसरा सर्व्हर मिळाला, आणि व्हीएम चालू असताना तिन्हीकडे फिरते. यात कष्ट आहेत. एकेका व्हीएमची ही सोय व्हीएमवेअरच्या विस्फिअर ६.७ पासूनची, व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन किमान १४ लागतं, ते वाढवलं की सहज मागे येत नाही म्हणून आधी बॅकअप घ्याच, आणि सेटिंग करायला प्रत्येक व्हीएम एकदा बंद करावी लागते. मी रविवारी मिल बंद असताना एकेक करत गेलो, दोन रविवार गेले.

तुमचे सगळे सर्व्हर एकाच पिढीचे असतील, जुनं काही परत जोडायचंच नसेल, तर क्लस्टरचाच रस्ता बरा असेल, उगाच एवढी मेहनत का करावी. इंटेल-एएमडी मिसळ असेल तर दोन्ही रस्ते बंदच. पण आपल्याकडे जुना सर्व्हर कोणी भंगारात देत नाही, तो कोपऱ्यात चालू ठेवतातच, तिथं मला तरी व्हीएमवाला रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

एक अडचण राहते, विसेंटरची (ज्यातून हे सगळे सर्व्हर आणि व्हीएम सांभाळतो ते सॉफ्टवेअर) स्वतःची व्हीएम, ती बंद केली तर सेटिंग कुठून करणार? म्हणून तिला लेव्हल न लावता मी ती नेहमी जुन्या ब्रॉडवेलवरच चालू करतो. जुन्यावर सुरू झालेली व्हीएम नव्यावर जाते आणि परतही येते, उलट नाही. नवी व्हीएम बनवताना लेव्हल लावायची विसरलो तर तीही तिथेच चालू करून घेतो.