रिफंड लोन: आपल्याच पैशाला व्याज

अमेरिकेत जानेवारी लागला की गरीब वस्त्यांमधल्या टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या दुकानांवर ‘रिफंड आजच घेऊन जा’ अशा पाट्या लागतात. पण आज मिळतो तो रिफंड, म्हणजे करखात्याकडून परत येणारी रक्कम, नसतो; त्या रिफंडावर काढलेलं कर्ज असतं. फसलेल्याला बरेचदा ते कळतही नाही, कारण खिशातून एक डॉलरही द्यावा लागत नाही. फी, व्याज सगळं रिफंडातूनच कापलं जातं.

गिऱ्हाईक म्हणजे अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी कमाईवाल्यांना मिळणारी करसवलत, घेणारी कष्टकरी कुटुंबं. 2024 च्या उत्पन्नावर तीन मुलांच्या घराला हे क्रेडिट जास्तीत जास्त 7,830 डॉलर होतं. थकलेलं भाडं, बंद पडलेली गाडी, सगळं त्याच रकमेवर अडलेलं. त्यात 2017 पासून या क्रेडिटचा रिफंड आयआरएस (अमेरिकेचं करखातं) 15 फेब्रुवारीच्या आधी सोडत नाही. खोटी रिटर्न पकडता यावीत म्हणून हा नियम आहे, पण दुकानदारांचा धंदा त्याच आठवड्यांत होतो.

जुनं रिफंड लोन कसं पडायचं ते पाहा. 3,000 डॉलरवर 100 डॉलर फी आणि दहा दिवसांत वसुली, म्हणजे वर्षाला जवळपास 122 टक्के. रिफंडातून सरकारी देणं वळतं होणार का, हे आयआरएसने 2011 च्या हंगामापासून दुकानदारांना आधी सांगणं बंद केलं. कर्ज बुडण्याचा धोका आधी कळेना, आणि 2012 च्या हंगामानंतर बँकांची ही कर्जं संपली.

आता तीच गरज दोन नव्या नावांनी विकली जाते. ‘अ‍ॅडव्हान्स’ कुठे बिनव्याजी असतो, पण रिटर्न त्याच दुकानातून, त्यांच्या फीमध्ये भरावं लागतं. कुठे दर 36 टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे 3,000 डॉलरवर महिन्याला सुमारे 89 डॉलर. दुसरं नाव ‘रिफंड ट्रान्सफर’. याला कुणी कर्ज म्हणत नाही. तुमच्या नावाने तात्पुरतं खातं उघडतात, रिफंड तिथे येतो, दुकानाची फी वळती होते आणि उरलेलं तुम्हाला मिळतं. समजा दुकानाची फी 300 आणि या सोयीचे 40 डॉलर. म्हणजे 300 ची फी महिनाभर उधार ठेवायला 40 डॉलर. हा दर वर्षाला 160 टक्क्यांच्या वर जातो!

सही करण्याआधी फॉर्म 1040 ची, म्हणजे नेहमीच्या टॅक्स रिटर्नची, 35 वी ओळ बघा. तिथला खाते क्रमांक तुमच्या नेहमीच्या खात्याचा नसेल तर पैसे आधी दुसऱ्याच्या हातून जाणार आहेत.

रिफंड फुगवून दाखवणारा दुकानदार त्याहून घातक. तो रिटर्नवर स्वतःची सही आणि पीटिन (रिटर्न भरून देणाऱ्याला आयआरएसने दिलेला) क्रमांक घालायला टाळाटाळ करतो. पुढे जबाबदारी तुमचीच. बेफिकिरीने क्रेडिट मागितल्याचं ठरलं तर ते दोन वर्षं बंद, लबाडी ठरली तर दहा. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावरच्या आपल्या मुलांनीही सांभाळावं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यांचा फॉर्म साधारणपणे 1040-एनआर, म्हणजे अनिवासींचा, असतो. साधा 1040 भरून मोठा रिफंड काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

कमी उत्पन्नवाल्यांसाठी ‘वीटा’ या स्वयंसेवकांच्या केंद्रांवर रिटर्न फुकट भरून मिळतं. ई-फाइल करून स्वतःचं खातं दिलं की रिफंड बहुधा 21 दिवसांत येतो. क्रेडिटवाल्यांना फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत थांबावं लागतं.

सही आधीच झाली असेल तर रिटर्नची प्रत मागा. ती देणं दुकानदाराला कायद्याने भाग आहे. तुमच्या नकळत आकडे बदलले असतील तर फॉर्म 14157 सोबत 14157-ए भरून आयआरएसकडे तक्रार करा.