दगडीच्या दुधाची तपासणी करून देणारी लॅब: चार स्टार

प्रवरेकाठच्या आमच्या पट्ट्यात दूध संकलन केंद्रं पावलोपावली आहेत, पण दगडी (कासेला सूज येण्याचा आजार, मस्टायटिस) झालेल्या गाईच्या दुधात कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे तपासून देणाऱ्या जागा मोजक्याच. बाजारतळामागे जनावरांच्या औषधांच्या दुकानाला लागून एक खाजगी लॅब आहे, तिच्याबद्दल लिहितेय. आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत, गोठा मी आणि माझे दीर मिळून बघतो.

आधी सॅम्पलचं सांगते, कारण बरेच जण तिथूनच परत येतात. बाटली त्यांच्याकडूनच घ्यायची, घरची धुतलेली चालत नाही. सड धुऊन कोरडा करायचा, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवायचा, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या आणि मग बाटली आडवी धरून दूध घ्यायचं. बर्फात ठेवून लगेच पोहोचवायचं. काउंटरवरच्या मॅडम पहिला प्रश्न एकच विचारतात, "वहिनी, इंजेक्शन टोचलंय का?" टोचलं असेल तर बाटली ठेवून घेत नाहीत. माझ्यापुढच्या एका दादांनी बराच वाद घातला, पण मॅडम हलल्या नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. औषध आधीच अंगात गेलं असेल तर जंतू बशीवर वाढणार कसा?

रिपोर्टला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी जंतू वाढवतात, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर औषधं लावून बघतात. लॅबचे डॉक्टर बशी समोर धरून दाखवतात, ते मला फार आवडलं. काचेच्या बशीत जंतूंचा पांढुरका थर, त्यावर टिकलीएवढ्या कागदी चकत्या, प्रत्येकीवर औषधाचं अक्षर. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडतं, जे चालत नाही त्याच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले दिसतात. डॉक्टर ते रिंगण पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात.

आमच्या चंद्रीला आणि राणीला पाठोपाठ दगडी झाली. दोघींची कास सारखीच सुजलेली, दुधात सारख्याच गाठी. एकच औषध दोघींना दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण चंद्रीच्या दुधात स्ट्रेप्टोकोकस निघाला आणि पेनिसिलिनभोवती मोठं रिंगण. राणीच्या दुधात स्टॅफिलोकोकस, आणि पेनिसिलिनची चकती जंतूंनी वेढलेली. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही एकाच घराण्यातली औषधं. जंतू वाढताना अंगाभोवती भिंत बांधतो, ती ही औषधं बांधू देत नाहीत, मग जंतू फुटतो. राणीच्या जंतूकडे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम होतं. म्हणून काही इंजेक्शनांत सोबतीला सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम घालतात, ते त्या एन्झाइमला अडवतं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला तर भिंतच नसते, त्याच्यावर हे सगळं घराणंच फुकट. तिथे टायलोसिनसारखं, जंतूचं प्रोटीन बनणं थांबवणारं औषध लागतं.

ऑक्सिटेट्रासायक्लिनही प्रोटीनच अडवतं, पण ते जंतू मारत नाही, फक्त वाढ रोखतं. बाकीचं काम जनावराच्या अंगातल्या ताकदीने करायचं. गोचिडांमुळे होणाऱ्या अ‍ॅनाप्लाझ्मोसिसला मात्र ते हमखास वापरतात. एन्रोफ्लॉक्सॅसिन जंतूच्या डीएनएच्या कामात खोडा घालतं. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जंतूला फॉलिक अ‍ॅसिड बनवू देत नाहीत, एक आधीच्या पायरीवर आणि दुसरं पुढच्या.

आता पाचवा स्टार का कापला ते. रिपोर्टवर औषधापुढे नुसतं 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढंच छापतात. राणीच्या कागदावर जेंटामायसिनपुढे 'चालतं' होतं. दीर तोच कागद घेऊन शेजारच्या दुकानात निघाले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. बशीत जेंटामायसिन जंतूला थेट भिडतं, पण इंजेक्शनने दिलं तर रक्तातून कासेत फारसं उतरत नाही. शिवाय मूत्रपिंडाला जड. आणि स्टॅफिलोकोकस कासेत खोलवर दडून बसतो, तिथवर औषध पोहोचायला हवं. ही एक ओळ रिपोर्टखाली छापायला काय हरकत आहे? डॉक्टर समोर असले की नीट सांगतात, पण कागद घरी दुसऱ्याच माणसाच्या हातात पडतो. औषध दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही छापत नाहीत. ते औषधाच्या लेबलवर बघावं लागतं. त्या दुधाचं दहीही धड लागत नाही, मग डेअरीने टँकर परत पाठवला तर बोलणार कुणाला?

रविवारी लॅब बंद. गाय तापाने फणफणलीय, खात नाही, कासेतून पाण्यासारखं दूध येतंय, अशा वेळी रिपोर्टची वाट बघायची नाही हे त्यांनीच सांगितलंय. सॅम्पल काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. तिसऱ्या एका गाईच्या रिपोर्टवर 'वाढ नाही' आलं. गाय चरत होती, ताप नव्हता, दुधात थोड्या गाठी एवढंच. औषधाचं दुकान भिंतीपलीकडेच असूनही डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं नाही. "सड वरचेवर पिळून मोकळा करा, लक्ष ठेवा, ताप आला तर कळवा," एवढंच म्हणाले. तपासणीचे पैसे घेतले, पण इंजेक्शनांचे वाचले, आणि औषधामुळे दूध ओतून द्यावं लागलं नाही.

लंपी किंवा लाळ्या-खुरकुतासाठी इथे येऊ नका, ते विषाणूचे आजार आहेत, ही बशी तिथे कामाची नाही. दगडी पुन्हापुन्हा होणाऱ्या गाईचं सॅम्पल मात्र आटवायच्या (विण्याआधी दूध काढणं बंद करायच्या) आधी जरूर द्या, म्हणजे आटवताना सडात कोणत्या औषधाची ट्यूब भरायची ते ठरवता येतं. गाडी लावायला जागा नाही. बाजाराच्या दिवशी तर चालतच जा.