नोकरीतल्या शिक्षकांसाठीचा टीईटी क्लास: शिकवणं एक नंबर, पण भीती दाखवणं थांबवा

मी झेडपी शाळेत शिकवते. ३००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, तीन वर्षं काढली आणि मग कायम झाले. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांची सर्व्हिस पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. मग आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) आम्ही काही जणींनी तालुक्याला हा शनिवार-रविवारचा क्लास लावला, शनिवारी सकाळची शाळा करून तसंच डबा घेऊन जायचं.

बालमानसशास्त्राचे सर खरंच भारी आहेत. मुलं विचार कसा करतात हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकवताना त्यांनी एका उभ्या ग्लासातलं पाणी आमच्यासमोर पसरट वाटीत ओतलं आणि म्हणाले, मॅडम, तुमच्या पहिलीतल्या पोरांना विचारा पाणी कशात जास्त होतं. मी सोमवारी शाळेत विचारलं तर पाणी तेवढंच असूनही निम्मी पोरं ग्लास म्हणाली, आणि तो धडा आता मी जन्मात विसरणार नाही. गणितही छान घेतात. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पेपर एकला १५० मार्कांचे १५० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यामुळे ते दर रविवारी घड्याळ लावून ओएमआर शीटवरच (गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर) सराव करून घेतात, गोळे भरण्यात किती वेळ जातो ते तेव्हा कळतं. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडू देत नाहीत.

आता तक्रार. क्लासचे संचालक सारखे ग्रुपवर लाल अक्षरात 'नोकरी वाचवा' टाकतात आणि फी वाढायच्या आत नाव नोंदवा म्हणतात. अहो, आमच्यातल्या एक बाई रात्र रात्र झोपत नाहीत, घराचं कर्ज डोक्यावर आहे, त्यांना अजून कशाला घाबरवता? शिक्षकाची नोकरी पक्की असते म्हणून तर तो गावात कुणाच्या दबावाला न जुमानता पटावरची खरी संख्या लिहू शकतो. कायम झाल्यावर पुस्तक उघडत नाहीत असेही काही आहेत, मान्य आहे मला, पण ते ओळखायचे तर वर्गात येऊन बसा, पोरांना वाचायला लावा, वीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं सगळं एका दिवसाच्या पेपरवर ठरवणं मला पटत नाही. तरी अभ्यास करायला माझी ना नाही, सरांमुळे तर वर्गात फायदाच झालाय.

नोट्स मराठीत आहेत पण झेरॉक्स फिकट, इंग्रजीचा भाग फारच घाईत उरकतात. ओपनवाल्यांना ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात, तिथे इंग्रजीचे ३० मार्क असे सोडून चालत नाही.

पेपर एकवाल्यांनी बिनधास्त लावा. सहावी ते आठवीच्या विज्ञान-गणितवाल्यांनी मात्र आधी एक डेमो बसून बघा, त्या पेपरात या दोन विषयांना मिळून ६० मार्क आहेत आणि विज्ञानाला इथे अजून पक्के सर नाहीत.