लाल गाडी रंगवायला देताय? खालचा प्रायमर डोळ्यांनी बघा

गेल्या गळीत हंगामात जयसिंगपूरच्या पुढे उसाच्या ट्रॉलीनं माझ्या गाडीची डावी बाजू घासली. नुसते ओरखडे असते तर पॉलिशवर भागलं असतं, पण ट्रॉलीचा लोखंडी कोपरा मागच्या दरवाज्याला लागला आणि वीतभर पोचा पडला. गाडी लालभडक, चार वर्षांची, एकदाही रंगकाम न झालेली.

ज्या गॅरेजमध्ये दाखवली त्या मालकाचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, क्लेम करू नका, बोनस जाईल." चार वर्षं क्लेम नसल्यामुळे मला विम्यात 45 टक्के नो क्लेम बोनस मिळत होता, त्यामुळे ते बोलणं पटलं. आता कळतं की त्या एका वाक्यानं विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि त्याचे फोटो दोन्ही वाटेतून गेले. कामावर नजर ठेवणारं तिसरं माणूसच उरलं नाही.

एस्टिमेट 14,500 रुपयांचं. त्यात टू-के प्रायमर (घट्ट करणारं हार्डनर मिसळून मारायचा) लिहिलेला आणि त्याखाली वेगळी ओळ होती: 'अंडरकोट शेड मॅचिंग, 3,200'. मी विचारलं तेव्हा त्यानं नीट समजावलंही, की लाल रंगाखाली कुठलाही प्रायमर चालत नाही, ठरावीक छटेचाच लागतो, म्हणून खर्च. हे खरं आहे. त्यानं खोटं सांगितलं नाही, फक्त जे सांगितलं ते केलं नाही आणि पैसे मात्र घेतले. पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के जीएसटी वर पडेल" म्हणाला. मी कच्च्यावर राजी झाले. ही माझी मोठी चूक.

गाडी मिळाली संध्याकाळी सात वाजता, नुकतीच धुतलेली, पिवळ्या बल्बखाली. ओल्या पत्र्यावर सगळेच रंग सारखे दिसतात. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शाळेच्या मैदानात गाडी उभी होती, तेव्हा फरक दिसला. मागचा दरवाजा पुढच्यापेक्षा मळकट, विटकरीकडे झुकलेला. आणि त्याच्या मधोमध, लाल रंगाच्या आतून, दोन तळहातांएवढा काळपट डाग वर आलेला. त्या डागाला स्पष्ट कडा होत्या. हात फिरवला तर पत्रा गुळगुळीत, डाग फक्त नजरेला.

मालक म्हणाला, "नवीन रंग आहे मॅडम, उन्हात महिनाभरात बसेल." महिन्यानं म्हणाला, "तुमचा जुना रंगच उडालाय. सगळी डावी बाजू मारावी लागेल, 22,000." मी जवळजवळ हो म्हणाले होते. शाळेतल्या एका सरांनी मिरजेच्या एका जुन्या पेंटरचाचांकडे पाठवलं म्हणून वाचले.

चाचांनी आधी पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं मीटर टेकवलं. पुढच्या दरवाज्यावर 115, 120 मायक्रॉन. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनमध्येच असतो. मागच्या दरवाज्यावर डागाच्या जागी 680. म्हणजे पोचा नीट उचललाच नव्हता, पुट्टीनं भरून काढला होता. मग म्हणाले, "ताई, परवानगी द्या, नखाएवढं घासतो." डागाच्या कडेला पाणी लावून 1000 नंबरच्या पेपरनं हलक्या हातानं घासत राहिले. एकात एक कडी उमटत गेली. बाहेर क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, मग लालची अगदी दोऱ्याएवढी बारीक कडी, आणि लगेच जवळजवळ काळा प्रायमर. घासलेल्या जागेच्या एका अंगाला तो काळा प्रायमर संपत होता आणि तिथून पुढे या लालखाली कंपनीचा जुना लाल होता. तोच डागाचा काठ.

"लाल आणि पिवळा, हे दोन रंग झाकत न्हाईत बघा," चाचा म्हणाले. लाल रंगातली रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात. खाली काळं असेल तर काळं वर येतं, पांढरं असेल तर रंग उघडा, फिकट दिसतो. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या सहा-सात छटांचे प्रायमर मिळतात आणि वरच्या रंगाचा उजळपणा ज्या राखाडीशी जुळतो ती खाली मारायची असते. चुकीच्या छटेवर लाल झाकायचा तर हातावर हात मारत बसावं लागतं, आणि लाल टिंटर, म्हणजे रंगात मिसळायचं लाल, महाग. माझ्या गाडीवर पहिल्या गॅरेजवाल्यानं उरलासुरला गडद प्रायमर फक्त पुट्टीवर फवारला, त्यावर लालचे दोन हात मारले आणि क्लिअरनं चमकवून दिलं.

मग त्यांनी पांढऱ्या फडक्याला थिनर लावून उघड्या प्रायमरवर टेकवलं. दहा सेकंदांत प्रायमर मऊ झाला आणि फडक्यावर काळा ठसा उतरला. हार्डनर घालून सुकलेला टू-के प्रायमर थिनरनं असा सुटत नाही. म्हणजे पैसे टू-केचे घेतले होते आणि मारला होता साधा स्वस्तातला, हार्डनर नसलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर. मी त्याचा व्हिडिओ काढला.

नवीन काम माझ्या डोळ्यांसमोर झालं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून कलर कोड घेतला. रंगाच्या दुकानातल्या संगणकानं त्या कोडचा फॉर्म्युला दिला आणि त्यातच खालच्या राखाडीचा नंबर होता. म्हणजे छटा जुळवणं ही अंदाजाची गोष्टच नाही, लिहून मिळते. चाचांनी पत्र्याच्या एका तुकड्यावर तोच प्रायमर मारला, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं छोटं स्टिकर लावलं आणि लालचा एकेक हात मारत गेले. चौथ्या हातानंतर चौकटी दिसेनाशा झाल्या. तुकडा वाळल्यावर दुपारी बाराच्या उन्हात गाडीला लावून बघितला, मगच दरवाज्याला हात घातला. जुनी पुट्टी खरवडून पोचा पत्र्यातूनच उचलला. पुढच्या दरवाज्यावर रंग थोडा विरत नेला, म्हणजे जोड दिसत नाही. सगळे मिळून 11,000, पक्क्या बिलासह.

कुणाची गाडी लाल, पिवळी किंवा मोतिया पांढरी असेल तर गॅरेजवाल्याला एकच सांगा: प्रायमर झाल्यावर, रंग मारायच्या आधी मला बोलवा. तेव्हा जाऊन फोटो काढा, डबा बघा, हार्डनरची बाटली बघा, छटेचा नंबर विचारा. एकदा वर लाल चढला की घासल्याशिवाय काहीच सिद्ध करता येत नाही. गाडी ताब्यात घेताना दुपारी जा, ती कोरडी असू द्या. 'उन्हात बसेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाळलेला रंग शेजारच्या दरवाज्याशी आपोआप जुळत नाही.

व्हिडिओ पाठवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्यानं 3,200 परत केले आणि "विषय संपला" असा मेसेज टाकला. माझ्यासाठी संपलेला नाही. ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पक्कं बिल नाही, पण 'अंडरकोट शेड मॅचिंग' लिहिलेलं त्याच्या हातचं एस्टिमेट आहे, ऑनलाईन भरलेल्या पैशांची नोंद आहे, आणि तो काळा ठसा उमटलेलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी फाईलला लावलं आहे.